अन्नदानाचे खरे पात्र

हिंदू गृहस्थाच्या घरी अन्न हे केवळ उदरभरणाचे साधन कधीच मानले गेले नाही. स्वयंपाक सिद्ध झाला की देवाला नैवेद्य, गाईला घास, कावळ्याला बळी आणि दाराशी आलेल्या अतिथीला पान, हे सर्व झाल्यानंतरच गृहस्थाने चित्राहुती घालून घास उचलावा, अशी पूर्वापार रीत आहे. या रीतीमागील तत्त्व भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात उलगडून दाखविले आहे. प्राण्यांचा देह अन्नापासून, अन्न पर्जन्यापासून, पर्जन्य यज्ञापासून आणि यज्ञ कर्मापासून, असे ते चक्र आहे. हे चक्र जो पुढे चालवीत नाही त्याचे जीवन व्यर्थ होय. आणि जो केवळ स्वतःपुरते रांधून खातो तो अन्न खात नसून पाप खातो, असा तेथे कठोर निर्वाळा दिलेला आहे.

याच ठिकाणी आजच्या गृहस्थाने एका प्रश्नापुढे क्षणभर थांबले पाहिजे. पाऊस पडला, शेतकऱ्याने कष्ट केले, शेत पिकले, कोठारे भरली; आणि तरीही त्याच भूमीवरील बालकाचा देह कृश राहिला, तर हे चक्र नेमके कोठे तुटले असे समजावे?

या प्रश्नाचा विचार करावयास दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशाहून अधिक योग्य क्षेत्र सापडणार नाही. पांडवांचे इंद्रप्रस्थ येथलेच मानले जाते. कौरवांच्या राजधानीचे नाव धारण करणारे हस्तिनापूर आज मेरठ जिल्ह्यात, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या सीमेत येते. आणि अर्वाचीन भारताच्या धान्ययज्ञाची वेदीही येथेच मांडली गेली. १९०५ साली बिहारमधील पुसा येथे स्थापन झालेली कृषिसंशोधन संस्था १९३४ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाल्यावर १९३६ मध्ये दिल्लीस आली; आणि येताना आपल्या मूळ गावाचे नावही घेऊन आली. आजही दिल्लीकर त्या परिसरास 'पुसा' म्हणूनच ओळखतात.

१९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षांत मोठी अनावृष्टी झाली. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य परदेशातून आणावे लागले. जहाज बंदराला लागेल तेव्हा देशाच्या चुली पेटतील, अशी ती अवस्था होती. १९६५ मध्येच पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. आणि देशातील असंख्य कुटुंबांनी सोमवारची रात्र उपोषणाची मानली. राष्ट्राच्या अडचणीला व्रताचे रूप कसे देता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

त्याच सुमारास पुसा संस्थेतील डॉ. एम. एस. स्वामिनाथन आणि त्यांचे सहकारी मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हाच्या वाणांवर काम करीत होते. ते वाण सिद्ध करणारे डॉ. नॉर्मन बोरलॉग १९६३ मध्ये भारतात येऊन येथील शेते पाहून गेले होते. नव्या बियाण्याची प्रात्यक्षिके श्रीमंतांच्या शेतांत न घेता लहान शेतकऱ्यांच्या शेतांत घ्यावी, असा स्वामिनाथन यांचा आग्रह होता; कारण श्रीमंताच्या शेतात पीक आले तर लोक त्याचे श्रेय त्याच्या पैशाला देतात, बियाण्याला देत नाहीत. दिल्लीच्या वायव्येस, हरियाणाच्या सीमेलगत असलेल्या जौंती या गावाने तर बियाण्याचे गाव होण्याचे व्रतच पत्करले आणि तेथील शेतकऱ्यांनी इतरांसाठी बी पिकविले. या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा होता. अमरावती जिल्ह्याचे डॉ. पंजाबराव देशमुख हे १९५२ पासून १९६२ पर्यंत केंद्रीय कृषिमंत्री होते; आणि त्यानंतरच्या कठीण काळात अहमदनगर जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे यांनी दिल्लीत बसून त्याच खात्याची धुरा दीर्घकाळ वाहिली. १९६८ मध्ये गव्हाच्या या क्रांतीचे टपाल तिकीट निघाले. पुढे २०२३-२४ या वर्षी देशात अकरा कोटी टनांहून अधिक गहू पिकला. ज्या राष्ट्राने धान्यासाठी बंदराकडे डोळे लावले होते, त्याच्यापुढे आता धान्य साठवावे कोठे, हा प्रश्न उभा राहू लागला.

यज्ञ सफळ झाला, असेच कोणीही म्हणेल. परंतु यज्ञाची सांगता अग्नीत आहुती पडल्याने होत नाही. प्रसाद ज्याच्या मुखी जावयाचा त्याच्या मुखी गेल्यानेच होते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, देशातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे आणि सुमारे १९ मुलांचे वजन उंचीच्या मानाने फारच कमी आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरांपैकी ६७ मुलांच्या रक्तात पांडुरोग, म्हणजे रक्तक्षय, आहे. राजधानीत तरी स्थिती निराळी असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु दिल्लीतही शंभरांत जवळजवळ ३१ मुले खुंटलेली, आणि रक्तक्षय असलेल्यांचे प्रमाण तर देशाहूनही किंचित अधिक, सुमारे ६९ इतके निघाले. जेथून धान्याची क्रांती निघाली त्या वेदीच्या छायेतील ही बालके होत.

असे का व्हावे? याचे एक उत्तर धान्याच्या प्रकृतीतच आहे. गहू, तांदूळ, बाजरी, मका ही सर्व तृणधान्ये मुख्यतः शक्ती देणारी आहेत. त्यांत प्रथिने असतात, पण लायसीन नावाचा जो घटक बालकाच्या वाढीस अत्यावश्यक, तो त्यांत उणा असतो. तो डाळींमध्ये विपुल आहे. आणि डाळींत जे उणे ते धान्यात आहे. म्हणून वरण-भात, मुगाची खिचडी, मेतकूट-भात ही जी जोडी आजीबाईंनी जमविली तीत मोठे शहाणपण आहे. परंतु गहू-तांदळाच्या मागे लागताना देशाने डाळींकडे पाठ फिरविली. १९६१ साली दरमाणशी दररोज सुमारे ६९ ग्रॅम डाळ उपलब्ध होती. २००१ साली ती सुमारे ३० ग्रॅमवर आली. पुढे त्यात काही सुधारणा झाली, तरी गरिबाच्या ताटातील वरण पातळच राहिले. शिवाय धान्याच्या कोंड्यात असा एक घटक असतो की जो लोह आणि जस्त ही द्रव्ये आतड्यात शोषली जाऊ देत नाही. धान्य भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबविले, तर तो घटक कमी होतो. नाचणीला मोड आणून सत्त्व काढण्याची महाराष्ट्रातील पद्धत या दृष्टीने किती योग्य आहे, हे सांगावयास नको. मोड आलेल्या धान्याची पेज पातळ होते, त्यामुळे ती दाट करण्यास अधिक पीठ घालता येते आणि बालकाच्या एकेका चमच्यात अधिक शक्ती जाते.

आणि शक्तीचा प्रश्न लहान नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत अनेक वर्षे कार्य करून पुढे दिल्लीस येऊन राहिलेले डॉ. सी. गोपालन यांनी साठीच्या दशकातच दाखवून दिले होते की, आपल्या मुलांच्या आहारात मुख्यतः एकूण अन्नच अपुरे पडते. घरात भाकरी असते. परंतु बालकाचे पोट मुठीएवढे. मोठ्या माणसांबरोबर दोन वेळा बसविले तर ते दोन घास खाऊन उठते आणि दिवसभर अर्धपोटी राहते. त्याला थोडे थोडे, पण वारंवार द्यावे लागते. त्यात अस्वच्छ पाण्याने अतिसार झाला तर खाल्लेलेही अंगी लागत नाही. आफ्रिकेतील घाना देशात डॉ. सिसिली विल्यम्स यांना तिसाव्या दशकात बालकांचा एक सुजेचा रोग आढळला. तेथील लोक त्यास 'क्वाशिओर्कर' म्हणत. धाकटे भावंड जन्मल्यामुळे आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्या शब्दाचा आशय आहे. मक्याच्या पेजेवर वाढणाऱ्या त्या मुलांचे दुःख एका मातृभाषेने किती अचूक ओळखले होते! काळी आई सर्वत्र एकच. तिच्या लेकरांची भूकही सर्वत्र एकच.

परंतु प्रकृतीचे कारण समजले, तरी धर्माचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात आहे. युधिष्ठिराचा अश्वमेध पूर्ण झाला, दानाची सर्वत्र प्रशंसा होऊ लागली, तोच अर्धे अंग सोन्याचे असलेले एक मुंगूस तेथे आले आणि म्हणाले की, कुरुक्षेत्रातील एका गरीब ब्राह्मणाच्या मापभर सातूची सर या यज्ञाला येणार नाही. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारे ते कुटुंब. दुष्काळात कित्येक दिवस उपाशी राहिल्यावर त्यांना थोडे जव मिळाले. त्यांचे सातू दळून चौघांनी चार वाटे केले आणि खावयास बसणार, तोच अतिथी आला. ब्राह्मणाने आपला वाटा दिला. पाठोपाठ पत्नीने, मुलाने आणि सुनेने आपापला वाटा पुढे केला. त्या अतिथीच्या उष्ट्यात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे सोन्याचे व्हावे म्हणून ते यज्ञायज्ञांतून हिंडले. हस्तिनापुराधीशाच्या यज्ञातही ते झाले नाही.

ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा ध्यानात राहत नाही. मुलाने आपला वाटा पुढे केला तेव्हा पित्याने तो सहज घेतला नाही. लहानांची भूक बलवान असते, वृद्धास ती सोसता येते, असे म्हणून त्याने मुलाला स्वतः खावयास सांगितले. सुनेचा वाटा घेतानाही त्याचा जीव कासावीस झाला. ती कोवळी आणि उपवासाने क्षीण आहे, तिच्या तोंडचे कसे घ्यावे, असे तो म्हणाला. ज्या कुळाचा त्याग यज्ञाहून थोर ठरला, त्या कुळातील कर्त्या पुरुषास लहानांची भूक आपल्या भुकेहून आधी दिसत होती. म्हणजे त्यागाचा क्रम वडीलधाऱ्यांपासून सुरू होतो, हा त्या कथेचा धर्म आहे.

आता आजच्या घराकडे पाहावे. पुष्कळ घरांत पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि स्त्रिया शेवटी. दूध थोडे असेल तर मुलाला, आणि मुलीला चहा. गर्भवती सून सर्वांचे आटोपल्यावर उरलेल्यावर भागविते आणि तिच्या या सोशिकपणाचे कौतुकही होते. परंतु ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्याकडून घेतलेला घास हा त्याग नव्हे. ते हरण होय. अशा घरी वैश्वदेव झाला, नैवेद्य झाला, तरी तिसऱ्या अध्यायातील तो कठोर निर्वाळा त्या घराला लागू होतो, कारण रांधणारीने रांधले ते केवळ बलवानांनीच खाल्ले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची कसोटी देश, काल आणि पात्र या तीन गोष्टींनी सांगितली आहे. ती येथे लावून पाहावी.

प्रथम पात्र. ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, अशास दिलेले दान सात्त्विक होय. दोन वर्षांचे बालक काय परत करणार? ते आभारही मानीत नाही. पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की, प्राण्यांच्या देहात वैश्वानर अग्नी होऊन अन्न पचविणारा मीच आहे. मग मजुराच्या लेकराच्या पोटातील अग्नी हा होमकुंडातील अग्नीहून वेगळा कसा? त्यात पडलेला मऊ खिचडीचा घास ही साक्षात आहुतीच होय.

दुसरा काल. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे सुमारे एक हजार दिवस हा वाढीचा पर्वकाळ आहे. या काळात जी उंची खुंटते ती पुढे कितीही खावयास घातले तरी बहुधा पुरती भरून निघत नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि त्यानंतर दुधाबरोबर मऊ, ताजे अन्न, असे आजचे वैद्यक सांगते. आणि धर्मशास्त्रानेही सहाव्या महिन्यातच अन्नप्राशनाचा संस्कार ठेवला आहे. मात्र उष्टावण झाले, सोन्याच्या अंगठीने खीर चाटविली, म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. त्या दिवसापासून ते सुरू होते. ग्रहणकाळी स्नानदानाची घाई करणारा गृहस्थ हा हजार दिवसांचा पर्वकाळ मात्र सहज दवडतो.

तिसरा देश. दिल्लीत ज्येष्ठाच्या उन्हात रस्तोरस्ती सरबताच्या पाणपोया लागतात; भंडाऱ्यांत पुरी, भाजी, शिरा यांच्या पंगती उठतात. हे पुण्यकर्म निंद्य नाही. परंतु त्या पुऱ्या रांगेत उभे राहू शकणाऱ्यास मिळतात. ज्याची आई गुरुग्राम, नोएडा किंवा फरिदाबाद येथे विटा वाहते आणि जे वाळूच्या ढिगाऱ्यापाशी गोधडीवर पडलेले असते, त्या तान्ह्यापर्यंत भंडारा पोहोचत नाही. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ चाललेल्या बांधकामावर मीरा महादेवन यांना अशीच मुले दिसली आणि त्यांनी तेथेच पाळणाघर उघडले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था वाढली. पुढे मुंबई आणि पुण्यातही हे कार्य सुरू झाले. अन्न जेथे पोहोचत नाही तेथे ते नेणे, हाच देशाचा विवेक होय. २ ऑक्टोबर १९७५ रोजी शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली; आज वस्तीवस्तीत दिसणारी अंगणवाडी हे तिचेच रूप आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकास आणि गर्भवती व स्तनदा मातेस अंगणवाडीतून आहार मिळणे हा हक्कच ठरविला.

येथे कोणी म्हणेल की, ज्याचे त्याचे प्रारब्ध. बालक उपाशी राहते ते पूर्वकर्मामुळे, त्यास गृहस्थ काय करणार? हा युक्तिवाद धर्माच्या भाषेत बोलतो, पण तो धर्म नव्हे. भगवंतांनी कर्माचा उपदेश अर्जुनास केला तो त्याच्या स्वतःच्या कर्तव्याविषयी केला. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब मांडून हात झटकण्यासाठी केला नाही. कर्माची गती गहन आहे, असे गीताच सांगते. ज्या गतीचा थांग ज्ञान्यांना लागत नाही, ती शेजारच्या पोराच्या बाबतीत मात्र आपणांस कळली, असे म्हणणे हा अहंकार होय. भुकेले बालक ज्याच्या दृष्टीस पडले, त्याच्यापुढे त्याचे स्वतःचे कर्म येऊन उभे राहिले, एवढेच त्यातून निश्चित समजावे.

दुसरे कोणी म्हणेल की, हे शासनाचे काम. ते शासनाचे आहेच. परंतु अंगणवाडीत सेविका एकटी आणि वस्ती मोठी, अशी स्थिती जेथे असेल तेथे शेजारची सुशिक्षित गृहिणी आठवड्यातून एक दिवस मुलांची वजने करण्यास गेली, तर शासनाने तिला कोठे अडविले आहे? लोकसंग्रह म्हणजे हेच.

मग गृहस्थाने करावे काय? प्रथम स्वतःच्या घरातील पंक्ती सुधारावी. गर्भवती आणि लहान मूल यांचे पान आधी वाढावे. मुलगा-मुलगी असा भेद वाटीतही ठेवू नये. धान्याबरोबर डाळ, पालेभाजी, दूध किंवा दही, आणि वर लिंबाची फोड असावी. लिंबाच्या आंबटपणाने अन्नातील लोह अंगी लागते, आणि जेवणाबरोबरच्या चहाने ते वाया जाते. बाजरी, ज्वारी, नाचणी यांना हलके धान्य समजून स्वयंपाकघरातून घालवू नये. हैदराबादजवळील इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी लोहाने समृद्ध अशी 'धनशक्ती' नावाची बाजरी सिद्ध केली. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना लोहसमृद्ध बाजरीची भाकरी देऊन जो अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात साध्या बाजरीच्या तुलनेत शरीरातील लोहाचा साठा अधिक सुधारल्याचे आढळले. भाकरी तीच, चूलही तीच; केवळ बियाण्याची निवड शहाणपणाची. २०२३ हे वर्ष भारताच्याच प्रस्तावावरून जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, त्याचे सार्थक अशा घरगुती निवडीनेच होईल.

त्यानंतर दानाची रीत सुधारावी. घरी मोलकरीण येते, तिचे तान्हे कोठे असते, ते काय खाते, हे एकदा विचारावे. श्राद्ध, वाढदिवस, मंगळागौर, सत्यनारायण यांपैकी कोणत्याही निमित्ताने जे अन्न अथवा धान्य द्यावयाचे, त्यात गव्हाबरोबर मूग आणि शेंगदाणे असावेत. जवळच्या अंगणवाडीत किंवा पाळणाघरात काय उणे आहे ते विचारून तेच द्यावे. आपणांस देणे सोपे जाते ते नव्हे. आणि सोमवारच्या रात्रीचे ते जुने व्रत ज्यांच्या घरी शक्य असेल, त्यांतील धडधाकट मोठ्या माणसांनी पुन्हा धरावे. वाचलेला घास मात्र देवघरात नव्हे, एखाद्या बालकाच्या वाटीत पोहोचवावा.

ते मुंगूस अजून हिंडत असेल, तर आज ते मोठ्या मंडपांकडे जाणार नाही. ज्या घरी किंवा ज्या झोपडीत मोठ्यांनी आपला घास थोडा मागे ठेवून लहानाच्या तोंडी मऊ भाताचा कण घातला असेल, तेथल्या सांडलेल्या शितांतच त्याचे उरलेले अंग सोन्याचे होईल. असे शीत प्रत्येक गृहस्थाच्या उंबऱ्याआत सांडो, आणि अन्नाचे ते पवित्र चक्र शेतापासून बालकाच्या मुखापर्यंत अखंड फिरत राहो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥